राब, सरपण आणि रानभाज्या कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जंगलाचे पैशातले मोल म्हटले की प्रकल्पासाठी वनजमीन देताना भरायची रक्कम आठवते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवली, २०२२ मध्ये दर वाढले. पैसा वनीकरणाच्या निधीत जातो. त्या जंगलावर ज्यांचे घर चालते, त्यांचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

माझे माहेर आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरात. दिवाळीत वहिनीला विचारून वर्षभरात रानातून घरात काय येते ते लिहून काढले. विकला जातो तो मुख्यतः हिरडा. सरपण, गवत, कुडासाठी (घराच्या भिंतीसाठी) कारवी, पावसाळ्यात कुरडू, भारंगी, शेवळ हे सगळे घरातच लागते. "त्याचं काय मोजायचं? ते रानातलंच," असे वहिनी म्हणाली. राब तर तिच्या यादीत आलाच नाही, मीच आठवण करून दिली. राब म्हणजे ऐनाच्या झाडाच्या वाळवलेल्या फांद्या; त्या पावसाआधी वाफ्यावर भाजल्याशिवाय तिकडे भाताचे रोप टाकत नाहीत. राब बाजारात मिळत नाही. मग त्याऐवजी लागणारे खत आणि तणाची खुरपणी यांचा खर्च धरावा लागेल. सरपणाला गॅसचा भाव लावला तर मोळीमागे जाणारा अर्धा दिवस वजा करायला हवा, नाहीतर आकडा फुगतो.

मोजणी नसली की काय होते ते ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिसले. आंबेगाव-जुन्नरच्या हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. हिरडा हे त्या घरांचे वर्षाचे रोख उत्पन्न आहे, हे पटवून द्यावे लागणे मला फार लागले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे हिरड्यासारख्या रानातून गोळा करायच्या वस्तूंवर, तिथल्या लोकांना हक्क दिला आहे. पुण्यातल्या अर्थशास्त्राच्या विभागांनी ग्रामसभांबरोबर निदान काही गावांत वर्षभराची घरवही, म्हणजे घरोघरी रानातून काय येते त्याची नोंद, ठेवावी. एका फेरीत काम भागणार नाही, उन्हाळ्यात विचारले तर लोक हिरडा सांगतात, श्रावणात भाज्या. आणि माहिती बायकांकडून घ्यावी. पाहणीला आलेला माणूस ओसरीवर पुरुषांशी बोलून जातो, तेव्हा मोळी आणणारी डोंगरात असते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे