‘स्प्रेडविरुद्ध १०-६’ छापताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की ‘अमुक संघाने गेल्या आठपैकी सात सामन्यांत स्प्रेड कव्हर केला’ अशा ओळी क्रीडा पानांवर दिसू लागतात. न्यू जर्सीत १४ जून २०१८ पासून खेळांवरच्या पैजा कायदेशीर आहेत आणि इथल्या मराठी घरांत आपलं वृत्तपत्र रोज उघडलं जातं. अशी एक ओळ वाचून पैसे लावणं फार सोपं झालं आहे, म्हणून हे पत्र.

स्प्रेड म्हणजे फेव्हरिट (जिंकेल असं धरलेल्या) संघाच्या डोक्यावर बुकीने ठेवलेलं गुणांचं ओझं. ‘उणे ७’ असेल तर संघाने किमान ८ गुणांनी जिंकायला हवं; तसं झालं की स्प्रेड ‘कव्हर’ झाला. बरोबर ७ ने जिंकला तर पुश, म्हणजे पैसे परत. ‘उणे साडेसात’ असेल तर ७ ने जिंकूनही पैज बुडते. त्यामुळे संघ सामने किती जिंकतो आणि स्प्रेड किती वेळा कव्हर करतो, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

२००७ चा न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघ बघा. बिल बेलिचिक प्रशिक्षक, टॉम ब्रेडी क्वार्टरबॅक (पास फेकून हल्ला चालवणारा), रँडी मॉस रिसीव्हर (पास झेलणारा). साखळीतले १६ पैकी १६ सामने जिंकले आणि ५८९ गुण केले, जो तेव्हाचा विक्रम होता. स्प्रेडविरुद्ध त्यांची नोंद १०-६, म्हणजे १० वेळा कव्हर, ६ वेळा नाही. पण हे १०-६ कसे झाले ते पाहायला हवं: पहिले आठही सामने कव्हर, पुढच्या आठांत फक्त दोन. संघ तोच होता, बदलला होता तो आकडा. हंगामाच्या पहिल्या सामन्यात जेट्सविरुद्ध स्प्रेड सातच्या आसपास होता आणि पेट्रियट्स ३८-१४ असे जिंकले. डिसेंबरात त्याच जेट्सविरुद्ध तो विसाच्या घरात गेला. पेट्रियट्स २०-१० जिंकले आणि त्यांच्यावर लावलेले पैसे गेले. ईगल्सविरुद्ध सुमारे २४ चा स्प्रेड, निकाल ३१-२८. डॉल्फिन्सविरुद्ध सुमारे २२, निकाल २८-७, म्हणजे २१ गुणांचा विजय. प्लेऑफमधले (साखळीनंतरच्या बाद फेरीतले) दोन्ही सामने जिंकले, कव्हर एकही नाही. शेवटी सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, सुमारे १२ गुणांनी फेव्हरिट असताना जायंट्सकडून १७-१४ अशी हार.

आठ आठवडे सलग कव्हर पाहून ज्याने तिथून पुढे प्रत्येक सामन्यात पेट्रियट्सवर नेहमीच्या भावाने (जिंकल्यास १०० डॉलर नफा) ११० डॉलर लावले असतील, त्याने ११ पैकी २ पैजा जिंकल्या. मिळाले २००, गेले ९९०. निव्वळ तोटा ७९० डॉलर, तोही सुपर बोलपर्यंत एकही सामना न हरलेल्या संघावर.

याचं कारण असं की ट्रेंड सगळ्यांना दिसतो. लोकांचा पैसा एका बाजूला लोटला की बुकी आकडा वाढवतो, म्हणजे ट्रेंडची किंमत स्प्रेडमध्ये आधीच धरलेली असते. शिवाय मैदानातलं कारणही आहे. १७ गुणांची आघाडी असलेला संघ चौथ्या क्वार्टरमध्ये पास कमी करतो, चेंडू घेऊन धावतो, घड्याळ संपवतो. समोरचा संघ शेवटच्या दोन मिनिटांत टचडाउन (६ गुण) करून जातो. निकालावर त्याने काही फरक पडत नाही, स्प्रेडवर मात्र पडतो.

आता भाव. १०० जिंकायला ११० लावावे लागतात, म्हणून बरोबरीत राहायलाच ५२.३८ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. १६ पैजांत ९-७ झालं तर नफा १३० डॉलर; ८-८ झालं तर ८० डॉलर खिशातून गेले. आणि १०-६ यात नवल काही नाही. नुसता छापा-काटा केला तरी १६ पैकी १० किंवा जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता २२.७ टक्के आहे. लीगमध्ये ३२ संघ आहेत, म्हणजे निव्वळ योगायोगाने दर हंगामात सातेक संघ तिथे पोचतील. (२०२१ पासून साखळीत १७ सामने आहेत, त्याने मुद्दा बदलत नाही.) त्यातून ‘घरच्या मैदानावर, पराभवानंतर, सोमवारी रात्री’ अशा चाळण्या लावल्या की हाती पाच-सहा सामने उरतात. त्यांतून ५-१ निघालं तरी ते काही सांगत नाही.

नोंद कोणत्या स्प्रेडवर काढली, हेही क्वचितच छापलं जातं. फील्ड गोल (चेंडू किक मारून खांबांमधून घालणं) ३ गुणांचा असल्याने साधारण १५ टक्के सामने नेमक्या ३ गुणांच्या फरकाने संपतात. स्प्रेड मंगळवारी अडीच आणि रविवारी साडेतीन असेल, तर ३ गुणांचा एकच विजय एका नोंदीत कव्हर आणि दुसरीत हार ठरतो. जानेवारी १९७९ च्या सुपर बोलमध्ये स्टीलर्स साडेतीनवर उघडले, पैशांच्या ओघाने साडेचारवर गेले, आणि काउबॉइजविरुद्ध ३५-३१ असे बरोबर ४ ने जिंकले. लवकर स्टीलर्सवर लावणारेही जिंकले, उशिरा काउबॉइजवर लावणारेही जिंकले. बुकींना दोन्हीकडे पैसे द्यावे लागले. त्या सामन्याची नोंद ‘कव्हर’ लिहायची की ‘हार’, हे सुरुवातीचा स्प्रेड घेता की शेवटचा, यावर ठरतं.

दहा वर्षांची नोंद एका ओळीत देणं तर टाळावंच. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला आणि उरलेला हंगाम मॅट कॅसल खेळला. नाव पेट्रियट्सच, संघ वेगळा. २०१५ मध्ये एक्स्ट्रा पॉइंटची (टचडाउननंतरच्या एका जादा गुणाची) किक ३३ यार्डांवर गेल्यापासून ती चुकण्याचं प्रमाण वाढलं आहे, तेव्हा ७ च्या आकड्याचे त्याआधीचे हिशेबही जसेच्या तसे पुढे ओढू नयेत.

आपल्याला विनंती एवढीच, की अशी नोंद छापाल तेव्हा सामने किती, पुश किती, स्प्रेड सुरुवातीचा की शेवटचा आणि त्या सामन्यांत क्वार्टरबॅक कोण होता, हे सोबत द्यावं. ‘पेट्रियट्स १०-६’ ऐवजी ‘पेट्रियट्स १६ सामने, शेवटच्या स्प्रेडवर १०-६, पहिले आठ ८-०, नंतरचे आठ २-६, क्वार्टरबॅक ब्रेडी’ असं छापलं, तर जागा एका ओळीहून फारशी जास्त लागणार नाही.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी