सूचना : झायन येथील नदीकाठच्या आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीतील) मुक्कामाबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, अमेरिकेच्या युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीकाठच्या वॉचमन कॅम्पग्राउंडवर आपला मुक्काम ठरला आहे. आपल्या जागांवर विजेची जोडणी आहे, मात्र नळाची व सांडपाण्याची नाही. त्यामुळे येण्यापूर्वी सांडपाण्याची टाकी रिकामी करून घ्यावी. येथे जनरेटर चालविण्यास मनाई आहे.

रस्त्याबाबत विशेष काळजी घ्यावी. पूर्वेकडील झायन-माउंट कार्मेल बोगदा 1930 साली, म्हणजे आजच्यासारख्या अवाढव्य गाड्या नसताना, खुला झाला. 11 फूट 4 इंचांहून उंच किंवा 7 फूट 10 इंचांहून रुंद वाहन त्याच्या एका मार्गिकेत मावत नाही, म्हणून सर्वांनी दक्षिणेकडून, स्प्रिंगडेलमार्गेच यावे. या बोगद्यातून ब्राइस कॅन्यन या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाला जाणाऱ्यांनी छोटी मोटार घ्यावी.

शटल बस सुरू असताना मुख्य दरीत खासगी वाहने सोडत नाहीत. बस मोफत असून शेवटच्या थांब्यापासून नदीच्या कडेने जाणारी रिव्हरसाइड वॉक ही सोपी पायवाट ज्येष्ठांनाही झेपेल. एंजल्स लँडिंग या उंच कड्यावरील, साखळ्या धरून करायच्या चढणीसाठी 2022 पासून परवाना लागतो.

नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात विषारी सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे सूक्ष्म जीवाणू) आढळलेले असल्याने ते पिऊ नये, मुलांना त्यात डुंबू देऊ नये. साधे गाळणे येथे कामाचे नाही. दूरवर पाऊस पडला तरी अरुंद घळीत अचानक पूर येतो, त्यामुळे नॅरोज या नदीच्या अरुंद घळीत उतरण्यापूर्वी त्या दिवसाचा पुराचा इशारा अवश्य पाहावा.

— सहल समिती