शंका जरूर घ्या, पण पंचनाम्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसटी स्टँडवर नाहीतर एखाद्या मंदिरात पोलिसांची दहशतवादी हल्ल्याची रंगीत तालीम झाली, की तासाभरात तिची क्लिप मोबाइलवर फिरू लागते आणि खाली ठरलेले शेरे येतात. 'सगळं नाटक आहे.' 'पायावर गोळी मारता येत नाही का?' परदेशातल्या खऱ्या हल्ल्याची क्लिप असली तरी शेरे तेच. पोलिसांच्या गोळीबारावर लोक शंका घेतात, याबद्दल आमची तक्रार नाही. 2006 च्या लखनभैया बनावट चकमकीत मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये एका माजी पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. ते प्रकरण दहशतवादाचे नव्हते, पण 'चकमक' म्हटले की लोकांच्या कपाळावर आठी का पडते, ते त्यावरून कळते. अडचण एवढीच, की शंका भलत्याच जागी घेतली जाते.

आधी पायाचे बोलू. पळणाऱ्या माणसाचा पाय हे अरुंद आणि सतत हलणारे लक्ष्य. मैदानावर चांगले गुण मिळवणाऱ्याचाही नेम धाप लागलेली असताना ढळतो. चुकलेली गोळी हवेत विरत नाही. एके-47 ची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगाने नळीबाहेर पडते आणि साताऱ्यातल्या पोवई नाक्यासारख्या गजबजलेल्या ठिकाणी पलीकडे कोणीतरी उभे असतेच. मांडीतली मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, त्यामुळे पायावर मारले की जीव वाचतो असेही नाही. शिवाय पाय जायबंदी झाला तरी चापावरचे बोट शाबूत राहते. म्हणून छातीच्या मध्यावर नेम धरायला शिकवतात.

अंगावर स्फोटके बांधल्याचा संशय असला, की तोही नियम उलटतो आणि नेम डोक्यावर धरावा लागतो. छातीवरची गोळी स्फोटकालाच लागू शकते आणि जखमी माणूस बटण दाबू शकतो. 3 जून 2017 ला लंडन ब्रिजच्या तिन्ही हल्लेखोरांना पोलिसांनी पहिल्या फोननंतर आठ मिनिटांत ठार केले. आठ पोलिसांनी 46 गोळ्या झाडल्या. अंगावरचे स्फोटकांचे पट्टे बनावट होते, हे नंतर कळले. एक गोळी वाटेवरच्या निरपराध माणसाच्या डोक्याला लागली.

त्याच शहरात 22 जुलै 2005 ला झां शार्ल द मेनेझिस या निर्दोष इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या गेल्या. तिथे नेम चुकला नव्हता, ओळख चुकली होती. पोलीस ज्या संशयिताच्या मागावर होते त्याचा पत्ता याच तरुणाच्या इमारतीतला आणि इमारतीचे दार सामाईक. बाहेर पडणारा माणूस संशयितच आहे याची खात्री झालीच नाही आणि त्याला बसमध्ये, पुढे भुयारी रेल्वेत जाऊ दिले गेले. त्याने जाड जाकीट घातले होते, तो अडथळ्यावरून उडी मारून पळाला, ही सुरुवातीला पसरलेली माहिती खोटी निघाली. आमच्या मते शंका घ्यावी ती इथे, पहिल्या दिवशीच्या हकिकतीवर.

आपल्या भागात आणखी एक मुद्दा निघतो. केडंब्याच्या तुकाराम ओंबळेंनी हातात फक्त काठी असताना कसाबला जिवंत पकडून दिला, मग इतरांना का जमू नये? ओंबळेंनी रायफलची नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. ते शौर्य होते. त्यावरून कार्यपद्धती बेतणे म्हणजे दर वेळी एक पोलीस मेलाच पाहिजे असे ठरवणे.

आता पाहायचे कुठे? सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 ला पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र खटल्यात, पोलीस चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासासाठी सोळा सूचना दिल्या. खबर मिळाली तर आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे. गोळी झाडणाऱ्याची शस्त्रे तपासणीसाठी जमा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांकडून, चित्रीकरणासह. दंडाधिकारी चौकशी. घटनेनंतर लगेच शौर्यपदक वा बढती नाही. मृताच्या नातेवाइकांना प्रक्रिया पाळली गेली नाही असे वाटले तर सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते.

पंचनाम्याचा कागद बिघडतो तो पहिल्या तासात. स्वयंचलित रायफल झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाजूला, बहुधा उजवीकडे, काही मीटर लांब फेकते; जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलमध्ये हाताने बोल्ट ओढेपर्यंत ती आतच राहते. म्हणून पुंगळ्या कुठे पडल्या, यावरून झाडणारा कुठे उभा होता याचा अंदाज येतो. गर्दीने लाथाडल्या किंवा कोणी आठवण म्हणून खिशात टाकल्या, की तो पुरावा संपला. शस्त्रागाराच्या रजिस्टरवर दिलेले राउंड (गोळ्या) वजा परत आलेले राउंड, ही संख्या सापडलेल्या पुंगळ्यांशी जुळली पाहिजे; नसेल तर का, हे पंचनाम्यात हवे. मृताने गोळी झाडली होती का, हे तपासायचे तर त्याचे हात कागदी पिशवीत बांधावे लागतात. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि बारुदाचे कण बिघडतात. रुग्णालयात कोणी हात धुतले तर उरतच नाहीत. कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे, कारण जवळून मारलेल्या गोळीची काजळी कापडावरच बसते. कपडे हरवले, की गोळी किती अंतरावरून मारली हा वाद कायमचा अनिर्णित. पंच कोण होते, हेही बघा. नेहमीचेच दोघे असतील तर जरूर विचारा.

दंडाधिकारी चौकशी लागली की 'कोणास माहिती असल्यास हजर राहावे' अशी जाहीर नोटीस निघते आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावर निविदांच्या गर्दीत छापून येते. आपण ती ठळक छापावी, ही विनंती. ज्यांच्याकडे चित्रीकरण आहे त्यांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नये; तिथे फाइलचा आकार कमी केला जातो आणि तिच्यातली वेळेची नोंद निघून जाते. ज्या मोबाइलवर चित्रीकरण झाले तो मूळ फाइलसह घेऊन चौकशी अधिकाऱ्यांकडे जावे आणि जमा केल्याची पोच घ्यावी.

– पोलीस दलातून निवृत्त झालेले काही वाचक, शाहूपुरी, सातारा