आप्पांच्या वहीसाठी

कार्डिफ, १६ मार्च २०२५

तीर्थरूप आप्पांस,
मनूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई मध्येच बोलून खाऊन टाकते, म्हणून पत्र. डोळ्यांत थेंब घालताय ना? अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत, "रग्बी म्हणजे नेमकं काय गं?" मी म्हटलं, कबड्डी आणि कुस्ती एकत्र करून वर चेंडू द्यायचा. तुम्ही म्हणालात, "मग चेंडू कशाला?" ते तुमचं वाक्य मी इथे खालच्या मजल्यावरच्या बाईंना भाषांतर करून सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की शुक्रवारच्या मॅचला त्या मला जवळजवळ ओढूनच घेऊन गेल्या. वेल्सची वीस वर्षांखालची मुलं विरुद्ध इंग्लंडची वीस वर्षांखालची मुलं. तुमच्याकडे धुळवड होती आणि शेजारची पोरं तुमचा जिना रंगवत होती, तेव्हा मी दोन स्वेटर घालून कागदी कपातला चहा पीत आर्म्स पार्कात बसले होते.

हे मैदान कुठे आहे ते सांगते, तुम्हाला मजा वाटेल. कार्डिफच्या भर गावात, टॅफ नदीच्या काठाला वेल्सचं मोठं राष्ट्रीय स्टेडियम आहे. त्याला खेटून हे आर्म्स पार्क. अगदी भिंतीला भिंत, आपला वाडा आणि शेजारची नवी बिल्डिंग असते तसं. थोरला संघ मोठ्या घरात खेळतो, धाकटी पोरं शेजारच्या जुन्या घरात.

इंग्लंडची मुलं गेल्या वर्षीची जगज्जेती. युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतल्या (सिक्स नेशन्स) आधीच्या चारही मॅचेस जिंकून आलेली. ही पाचवी जिंकली की पाचही देशांना हरवल्याचा मान, ज्याला इथे ग्रँड स्लॅम म्हणतात. वेल्सने त्यांना २३-१३ ने हरवलं. शेवटच्या शिट्टीला बाईंनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की अजून दुखतंय.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, भिंतीच्या पलीकडे थोरल्यांची मॅच. तेच दोन देश. तिकिटं आम्हाला परवडणारी नव्हती, बाईंकडे टीव्हीवर पाहिली. इंग्लंड ६८, वेल्स १४. इंग्लंडने दहा ट्राय केले (ट्राय म्हणजे काय ते खाली सांगते). वेल्सच्या थोरल्या संघाचा हा सलग सतरावा पराभव; शेवटचा विजय ऑक्टोबर २०२३ मधला, वर्ल्ड कपात जॉर्जियाविरुद्धचा. मध्यंतरानंतर बाई उठल्या आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासायला लागल्या.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या निळ्या वहीत एक पान या पोरांसाठी काढा. मी हसते त्या वहीला, पण १९६० सालापासूनचे रणजीचे स्कोअर तुम्ही जपलेत आणि हरलेल्या मॅचेस लाल शाईने लिहिल्यात, हे मी इथे किती जणांना सांगितलंय! तर लाल पेन जवळ ठेवा, लागणार आहे.

गुण कसे मोजायचे ते आधी. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५. ट्राय झाल्यावरच एक जादा किक मिळते, ती खांबांमधून गेली की आणखी २. फाउलबद्दल मिळालेली पेनल्टी किक खांबांमधून मारली तर ३. खेळ चालू असताना चेंडू टप्पा पाडून मारलेल्या किकचेही ३. चेंडू हाताने फक्त मागेच द्यायचा, पुढे नाही. (पुढे जायचं आणि चेंडू मागे द्यायचा, हे तुम्हाला पटणार नाही, मला माहीत आहे.)

या वयाची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली आणि पहिली इथेच, वेल्समध्ये झाली. वेल्स चौथे आले. त्या पोरांचा कॅप्टन सॅम वॉरबर्टन. तीन वर्षांनी तो वर्ल्ड कपला थोरल्या संघाचा कॅप्टन होता. त्याच पोरांत डॅन बिगर आणि ली हाफपेनी. पुढे दहा-पंधरा वर्षं इथल्या प्रत्येक पबात त्यांचीच नावं. वहीत मात्र त्या वर्षासमोर फक्त 'चौथा' लागेल.

मग २०११, इटली. न्यूझीलंड ९२, वेल्स ०. होय, ब्याण्णव. मी बाईंना विचारलं, तेव्हा काय वाटलं? त्या म्हणाल्या, "त्या दिवसाबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत." न्यूझीलंडची पोरं तोवर या स्पर्धेत एकदाही हरली नव्हती, पहिली चारही विजेतेपदं त्यांचीच.

आणि पुढच्याच वर्षी, २०१२, दक्षिण आफ्रिका. पुन्हा गटात न्यूझीलंड. वेल्स ९, न्यूझीलंड ६.

आता चष्मा लावा आणि गणित करा. नऊमध्ये ट्राय बसवून दाखवा. पाच घेतले तर चार उरतात, सात घेतले तर दोन. दोन्ही कुठूनच मिळत नाहीत. सहाचंही तेच. म्हणजे मॅच न पाहतासुद्धा नुसत्या आकड्यांवरून कळतं की ऐंशी मिनिटांत कोणीच कोणाला रेषा ओलांडू दिली नाही, सगळे गुण किकचे. वर्षापूर्वी ज्यांच्याकडून ब्याण्णव खाल्ले, त्यांना एकही ट्राय दिला नाही! स्कोअरकार्ड वाचायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून हे दिसलं. पोरं तीच होती का म्हणाल, तर पुष्कळशी नाही. या संघात कुणाला राहताच येत नाही. यंदा खेळायचं तर जन्म २००५ किंवा नंतरचा हवा, पुढच्या वर्षी २००६ चा. दरवर्षी एक तुकडी वयाने बाहेर. तुमच्या वहीतला महाराष्ट्राचा संघ निदान काही वर्षं तोच असतो.

त्याच स्पर्धेत उपांत्य फेरीत न्यूझीलंड पुन्हा समोर आलं आणि वेल्सला ३०-६ ने हरवून गेलं, तेही लिहा. बाईंना ते सांगायचं नव्हतं, मी शोधून काढलं. वेल्स तिसरे. २०१३ मध्ये, फ्रान्समधल्या स्पर्धेत, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला १८-१७ ने हरवून अंतिम सामन्यात. मध्यंतरापर्यंत पुढे वेल्सच, आणि शेवटी इंग्लंड २३, वेल्स १५. तो इंग्लंडचा पहिला जागतिक करंडक. वेल्सला अजून एकही नाही. २०१६ मध्ये या मुलांनी युरोपातल्या पाचही संघांना हरवून ग्रँड स्लॅम केला, तो हिरव्या शाईने लिहिलात तरी चालेल.

हे सगळं उतरवताना मला पणजोबांची आठवण झाली. १९४८ च्या डिसेंबरात सायकल मारत कॅम्पात गेले होते ना, पूना क्लबवर निंबाळकरांचा खेळ बघायला? नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला नऊ कमी. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि जेवणाच्या सुट्टीनंतर काठियावाडचा संघ मैदानात परत आलाच नाही. हे तुम्ही मला शंभरदा तरी सांगितलं असेल, दरवेळी तेवढ्याच रागाने, जणू काठियावाडचे कॅप्टन आपल्या दिवाणखान्यात बसलेत. आणि तो माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. मला लहानपणी वाटायचं, तुम्हाला त्या नऊ धावांचं दुःख आहे. परवा त्या थंडीत बसल्यावर वाटलं, तुम्हाला खरं दुःख पुढच्या रिकाम्या पानांचं असावं. चुकत असेन तर फोनवर रागवा, ते ऐकू येईल मला.

एक जादाची नोंद, वहीच्या मागच्या पानावर: इंग्लंड-स्कॉटलंडचे थोरले संघ ज्या कपासाठी खेळतात, तो कलकत्त्याचा आहे. तिथला रग्बी क्लब मोडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून १८७८ साली तो घडवला. मुठी नागांच्या, झाकणावर हत्ती. आपले रुपये, आप्पा.

बाकी मी बरी आहे. पुरणपोळी जमली नाही, कट मात्र फर्स्ट क्लास झाला. बाईंनी तो सूप म्हणून दोनदा घेतला. आईला म्हणावं, गोडा मसाला संपत आलाय. पाडव्याला गुढीचा फोटो पाठवा.

पानाच्या तळाशी चार-पाच ओळी कोऱ्या ठेवा. उन्हाळ्यात पोरांची जागतिक स्पर्धा आहे, आणि ती यंदा इटलीतच आहे.

तुमची,
मनू