तयार आकृत्या पुरे, आता कच्चा माल द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इन्फर्मेशन सिस्टीम डिझाईन, म्हणजे एखाद्या संस्थेची माहिती कॉम्प्युटरवर कशी ठेवायची-वापरायची याचा आराखडा करणं, शिकायला साधनंच नाहीत ही तक्रार आता कुणी करू नये, आकृत्या काढायचं ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, प्लँटयूएमएलमध्ये चार ओळी टाइप केल्या की क्लास डायग्राम (सिस्टीममधले घटक आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती) तयार, एसक्यूलाइट या डेटाबेसला तर सर्व्हरही लागत नाही. अडचण आहे ती शिकवायच्या मटेरियलची. त्यात सगळं आधीच सोडवून ठेवलेलं असतं.

लायब्ररीचंच घ्या, हे उदाहरण कुणालाच चुकलेलं नाही. पुस्तक, सभासद, देवघेव असे तीन चौकोन नोट्समध्ये असतात, मुलं ते उतरवतात आणि मार्कही मिळतात. पण एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आहेत आणि त्यातली एक हरवली, तर ते लिहायचं कुठे? असं विचारलं की वर्ग गप्प, कारण पुस्तक वेगळं आणि प्रत वेगळी हे स्वतः अडून कधी कळलेलंच नसतं. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा साकिला हा सॅम्पल डेटाबेस बघा, डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानांचा आहे. त्यात फिल्म हे टेबल वेगळं, एकेका डीव्हीडीची नोंद इन्व्हेंटरीत, आणि रेंटल जोडलंय ते इन्व्हेंटरीला, फिल्मला नाही. फार छान आहे, पण तेही शेवटी तयार उत्तरच, ते असं का केलं हे आपलं आपणच शोधायचं.

वॉटरफॉलची, म्हणजे एक टप्पा संपला की पुढचा अशा सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीची, तीच गत. संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या पेपरातली पायऱ्यांची आकृती सगळ्यांनी उचलली, आणि त्या पायऱ्या जशाच्या तशा पाळणं धोक्याचं आहे हे त्यांनी त्याच पेपरात लिहिलंय ते मात्र राहूनच गेलं!

मुलांना भरलेले फॉर्म द्या, खाडाखोडीचं रजिस्टर द्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांच्या मुलाखती द्या, आणि अर्धं डिझाईन झालं की एक रिक्वायरमेंट बदला. चुकलेली ईआर आकृती (कोणत्या गोष्टींची माहिती ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय हे दाखवणारी) देऊन दुरुस्त करायला सांगणं तर सगळ्यात सोपं, तरी कुणी करत नाही. आता अशी उत्तरं तपासायला वेळ लागतो हे खरंय, बरोबर उत्तर एकच नसतं ना, म्हणून शिक्षकांसाठीच्या प्रतीत दोन-तीन चालतील अशी डिझाईन्स आणि प्रत्येकात काय गमावलं हे लिहिलेलं हवं. खऱ्या प्रोजेक्टांची जुनी कागदपत्रं ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी नावं आणि खाजगी माहिती काढून ती कॉलेजांना दिली तरी निम्मं काम होईल.

आपला,
एक वाचक