काका, आज पिकअपखालचा पुठ्ठा कोरडा निघाला

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

पिकअपची ऑइलची गळती शोधून दिलीत म्हणून समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "चल, चहा घे" म्हणून विषय बदलता. दोनदा झालं. म्हणून आता लिहून सगळ्यांसमोरच ठेवतोय. घरातलं कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवेलच तुम्हाला. आणि आपल्या लाइनीतल्या चार टेम्पोवाल्यांनी वाचलं तर त्यांचाही एखादा खाडा वाचेल.

आमच्या पिकअपचं दुखणं तुम्हाला पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. भांडुप ते दादर, दादर ते घाटकोपर अशी गाडी चार दिवस फिरवली तरी खाली एक थेंब नाही. नाशिकहून कांदा-टोमॅटो भरून आणला, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर, की दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीखाली बशीएवढं काळं डबकं आणि डीपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या सळईवर, अर्धा लिटर कमी. आधी वाटलं गाडी ऑइल खातेय. पण सायलेन्सरला निळा धूर नव्हता. पहिल्या पावसात त्या डागावर इंद्रधनुष्य उमटलं, शेजाऱ्याची स्कूटर घसरली आणि बिल्डिंगमध्ये माझं नाव झालं.

तीन मिस्त्री झाले. एकाने टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं. दुसरा म्हणाला, ऑइल चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचं, पॅकिंग गेलंय. ते मी स्वतःच निस्तरायला गेलो, पाना घेऊन खाली शिरलो आणि चेंबरचे सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. (हे तुम्हाला मी उशिरा सांगितलं. ते आधी सांगायला हवं होतं, माहीत आहे.) तिसऱ्याने बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं कवच) खालच्या भोकातून टपकणारं तेल दाखवलं आणि म्हणाला, क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायचा, त्यातच क्लचप्लेटही टाकून घ्यायची, 18,000 रुपये. सोमवारी गाडी लावायचं ठरलं होतं.

रविवारी सकाळी तुम्ही दुधाची पिशवी घेऊन येत होतात. वाकलात, थेंब दोन बोटांत चोळलात, नाकाशी नेलात. "गिअर ऑइल नाही, त्याला गंधकासारखा वास मारतो. हे इंजिनचंच. पण इथे दिसतंय ते पोचलेलं तेल. निघालं कुठून ते वर बघायला पाहिजे." मी म्हणालो, तेल तर मागूनच गळतंय. तुम्ही म्हणालात, "पुढून पंखा मागे वारा मारतो, वर रस्त्याचा वारा. ऐंशीच्या स्पीडला पुढचा थेंब मागेच जाणार. सोमवारची गाडी कॅन्सल कर."

खरं सांगतो, राग आला होता. पैसे जुळवले होते, मला एकदाचं संपवायचं होतं. बेस्टच्या डेपोत जन्मभर डिझेल इंजिनं खोललेला माणूस सांगतोय म्हणून गप्प बसलो, एवढंच.

मग तुम्ही इंजिन धुवायला लावलंत. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) आणि वायरिंगच्या सॉकेटांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, ब्रशने डिझेल लावून, मग साबणाचं पाणी. दोन तास. तेलात मातीची साय धरली होती इतकी की निम्म्या बोल्टांची डोकी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पंक्चरवाल्याकडे हवा मारून इंजिन सुकवलं. आणि मग तुम्ही मंडळाच्या खोलीतून काय आणलंत? कॅरमची पावडर! अख्खा डबा ब्लॉकवर, कव्हरच्या कडांवर, चेंबरच्या जोडावर. पोरं बघत उभी होती, काका इंजिनाला पावडर लावून कुठे नेतायत म्हणून.

उभ्या गाडीवर रेस देऊन काही कळणार नाही, हे तुमचंच. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, ऑइलचं प्रेशर कमी असतं. रेस चढली की वाढतं, आणि तापलेलं तेल पातळ होऊन बारीक फटीतूनही वाट काढतं. म्हणून तर शहरात गळत नव्हतं. मागे कांद्याच्या गोण्या टाकून आपण हायवेने ठाण्याला, तिथून घोडबंदर रोडला गेलो आणि गायमुखचा चढ दोनदा चढवला. तिथल्या खड्ड्यांबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तुम्ही बॅटरी आणि दाढीचा आरसा आत घातलात आणि मला म्हणालात, "तूच सांग काय दिसतंय."

पांढऱ्या पावडरीत एकच काळी रेघ. अल्टरनेटरच्या पाठीमागून निघालेली, ब्लॉकला चिकटून मागे गेलेली, थेट बेल हाउसिंगपर्यंत. क्रँक सीलच्या वरची पावडर कोरडी ठाक होती.

अल्टरनेटरमध्ये ऑइल कसं, हा माझा प्रश्न ऐकून तुम्ही हसलात. डिझेलला पेट्रोलसारखा इनटेकमधून, म्हणजे हवा आत घ्यायच्या पाइपातून, व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आमच्या गाडीत तो अल्टरनेटरच्याच पाठीला, त्याच्याच शाफ्टवर फिरणारा. त्याला इंजिनमधून बारीक पाइपने प्रेशरचं ऑइल येतं आणि जाड पाइपने परत चेंबरमध्ये पडतं. त्या बारीक पाइपच्या बँजो बोल्टला (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर, म्हणजे चकत्या. "अल्टरनेटर कधी खोलला होता?" तुम्ही विचारलंत. तेव्हा मला आठवलं. जानेवारीत त्याचे कार्बन, म्हणजे आतले झिजणारे ब्रश, बदलायला दिला होता. काम करणाऱ्याने जुनेच वायसर परत घातले होते. एकदा दाबून कडक झालेलं तांबं दुसऱ्यांदा नीट बसत नाही. जानेवारीत हात लागला, फेब्रुवारीत गळती सुरू झाली, आणि मी सहा महिने इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला शोधत होतो.

दुकानं बंद झाली होती. तुम्ही ते दोन वायसर चिमट्यात धरून गॅसवर लाल केलेत आणि पाण्यात टाकलेत, तांबं मऊ पडावं म्हणून. भांडं पोह्यांचं होतं. काकूंनी जे ऐकवलं ते माझ्यामुळे, तेव्हा त्यांचीही माफी मागतो. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला सीएसटी रोडवरून नवे वायसर आणले. वायसरांपेक्षा माझ्या चहा-वडापावचाच खर्च जास्त झाला.

मी तिथेच थांबलो असतो. तुम्ही थांबला नाहीत. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं असूनही कडेला तेलाचा घाम का, हे तुम्हाला खुपत होतं. आयडलिंगला ऑइलचं झाकण सैल केलंत तर ते थरथरायला लागलं. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा सोडणारा, पाइप काढला, आत काळी खळ घट्ट बसलेली. इंजिनाचा श्वास कोंडला की आतली हवा मिळेल त्या जोडातून तेल बाहेर ढकलते. साफ केल्यावर झाकण गप्प झालं. शेवटी निघालं माझं पाप. जास्त आवळून चेंबरची कड बोल्टांपाशी वाकली होती. ती लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून सरळ करताना तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "हातोडी तू धर."

त्यानंतर चार नाशिक झाल्या. दर फेरीनंतर पुठ्ठा ठेवतो, त्यावर तारीख टाकतो. पहिल्यावर दोन ठिपके होते, जुनं साचलेलं असावं. नंतरचे तीन कोरे. आजचा तर मी उजेडात धरून उलटा-सुलटा पाहिला.

तुमचं परवाचं बोलणं डोक्यात राहिलंय, की डेपोत आता विजेच्या बसगाड्या, सकाळी गाडीखाली वाकून बघणारा माणूसच लागणार नाही. आमच्या पिकअपला तरी तो माणूस अजून बरीच वर्षं लागणार आहे, तेव्हा गुडघे सांभाळा.

पैसे तुम्ही घेत नाही, म्हणून विषय काढत नाही. मंडळात पावडरचे दोन डबे दिलेत. लासलगावच्या कांद्याची गोणी मात्र मी काकूंच्या हातात दिली आहे, तुमच्या नाही. त्यांनी ती ठेवून घेतली.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा पिकअपवाला