धोक्याची सूचना कामगाराला कळली का, हे कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना घडल्याचा प्राथमिक अंदाज' हे वाक्य बहुधा असतेच. ते वाक्य कंपनीच्या व्यवस्थापकाने पोलिसांना सांगितलेले असते, पोलिसांनी बातमीदाराला सांगितलेले असते, आणि तपास सुरू होण्यापूर्वीच ते छापून आलेले असते. पुणे जिल्ह्यातील अभियांत्रिकी आणि रासायनिक कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केल्यानंतर आता मी लहान उद्योगांतील कामगारांना प्रशिक्षण देतो. निष्काळजी कामगार असतातच, हे मी नाकारत नाही. मात्र ज्याला आपण निष्काळजी म्हणतो त्याच्यापर्यंत धोक्याची सूचना पोहोचली होती का, आणि पोहोचली असल्यास ती पाळण्याची त्याला मुभा होती का, याची चौकशी क्वचितच होते, म्हणून हे पत्र.

भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्या कायद्याच्या कलम १११ मध्ये कामगाराची कर्तव्ये होती, आणि या दुरुस्तीने त्याला जोडून आलेल्या कलम १११-अ मध्ये कामगाराचे हक्क आले. आपल्या आरोग्याशी व सुरक्षेशी संबंधित माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क त्यांत होता. अपघातानंतरच्या अंतर्गत चौकशीत कलम १११ चा उल्लेख झालेला मी अनेकदा ऐकला. १११-अ चा उल्लेख मात्र युनियनच्या एखाद्या जुन्या पदाधिकाऱ्याखेरीज कोणी केल्याचे आठवत नाही. त्याच कायद्याचे कलम १०८ सांगत असे की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. कायदा झाला तेव्हा ही तरतूद पुरेशी वाटली असेल. आज चाकण, तळोजा किंवा तारापूरच्या एका शेडमध्ये मराठी, भोजपुरी, ओडिया आणि बंगाली बोलणारे कामगार एकाच पाळीत काम करतात. तेथे 'बहुसंख्यांची भाषा' वापरून नियम पाळला गेला, तरी उरलेल्यांसाठी भिंतीवरचा फलक कोराच राहतो, आणि हे उरलेले बहुतेक ठेकेदाराकडचे, नवे आणि सर्वांत धोक्याच्या कामावर लावलेले असतात.

प्रत्यक्षात प्रशिक्षण कसे होते, तेही सांगतो. नव्या कामगाराला गेटपास देण्यापूर्वी एका खोलीत बसवून चित्रफीत दाखवतात, शेवटी 'समझ गए ना?' असे विचारतात, सगळे मान हलवतात आणि नोंदवहीत सह्या होतात. ज्याला सही करता येत नाही त्याचा अंगठा घेतात. म्हणजे त्याला वाचता येत नाही हे कंपनीला त्या क्षणी लेखी कळलेले असते, तरी दहा मिनिटांनी तोच कामगार छापील फलकांनी भरलेल्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या विभागात, उभा केला जातो! तपासणीला येणारे अधिकारी नोंदवही पाहतात, सह्या मोजतात आणि शेरा लिहून जातात. आजच रोजगारावर आलेल्या माणसाने सर्वांसमोर 'मला समजले नाही' असे म्हणावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

पॉवर प्रेसचे, म्हणजे ठोक्याने पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्राचे, उदाहरण घेऊ, कारण आमच्या भागात बोटे गमावलेल्या कामगारांमध्ये प्रेस शॉपमधले पुष्कळ असतात. प्रेसवर 'यंत्र चालू असताना हात घालू नये' अशी पाटी असते आणि सूचना बरोबरच आहे. परंतु जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये मोटर बंद केली तरी जड फ्लायव्हील, म्हणजे गती साठवणारे चाक, बराच वेळ फिरत राहते, आणि त्याच्यात साठलेल्या शक्तीवर, क्लच (चाकाची गती प्रेसला जोडणारा भाग) गुंतला तर, प्रेसचा आणखी एक ठोका पडू शकतो. 'चालू' म्हणजे मोटरचे बटण दाबलेले असणे, अशी ज्याची समजूत आहे तो पाटी तंतोतंत पाळूनही पंजा गमावू शकतो. फ्लायव्हील पूर्ण थांबले आहे हे डोळ्यांनी पाहायचे, डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) सेफ्टी ब्लॉक, म्हणजे वरचा भाग खाली येऊ न देणारा ठोकळा, ठेवायचा आणि मगच हात घालायचा, हे पाटीवर मावत नाही. ते यंत्रापाशी उभे राहून, मोटर बंद करून, चाक किती वेळ फिरत राहते ते दाखवूनच शिकवावे लागते. एकदा हे पाहिलेला कामगार पुन्हा कधी नुसत्या बटणावर विश्वास ठेवत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्याच पाटीची दुसरी अडचण अशी की ती काय करू नये ते सांगते, काय करावे ते सांगत नाही. डायमध्ये जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, अडकला तर तो काढायचा कशाने? हाताशी चिमटा नसेल, फोरमन दुसऱ्या टोकाला असेल आणि तासाचा आकडा पुरा करायचा असेल, तर हात आत जाणारच. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय ठोका पडू नये, अशी व्यवस्था प्रेसवर असते ती हात डायबाहेर राहावेत म्हणून. यांतले एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले मी पाहिले आहे, आणि ते कोणी केले असे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहतात. बहुतेक वेळा ते कामगाराने केलेले असते हे खरे आहे. पण उत्पादनाचा आकडा ठरवताना दोन हातांनी बटणे दाबायला लागणारा वेळ धरलेलाच नसेल, तर चिकटपट्टी लावण्याची सूचना त्या आकड्यातच लिहिलेली असते. अशा शॉपमध्ये सुरक्षेवर व्याख्यान देणे म्हणजे कामगाराला एकाच वेळी दोन परस्परविरोधी आज्ञा देणे होय, आणि त्यांतली कोणती पाळली नाही तर पगार कापला जातो हे त्याला चांगले ठाऊक असते.

काही धोके असे असतात की माणसाची इंद्रियेच त्याला चुकीची ग्वाही देतात. सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्यांत तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू अगदी थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा घाण वास देतो. मात्र त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास गेले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोघातिघांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांत वारंवार येतात, आणि त्यांतले काही जण केवळ सोबत्याला वाचवायला उतरलेले असतात. त्यांना कोणत्या तोंडाने निष्काळजी म्हणायचे? कारखाने कायद्याने अशा जागेत उतरण्यापूर्वी तज्ज्ञाचे लेखी प्रमाणपत्र, अन्यथा श्वसनयंत्र, कमरेला दोर आणि दोराचे टोक धरून बाहेर उभा असलेला माणूस सांगितला होता. कामगाराला 'वायूचा धोका' ही दोन शब्दांची भीती देऊन भागत नाही. वासावर भरवसा का ठेवायचा नाही, आणि मित्र पडलेला दिसला तरी आधी आत न उतरता हाक का मारायची, याचे कारण त्याला पटलेले असावे लागते, कारण त्या क्षणी त्याच्या मनाची सगळी ओढ टाकीकडे असते.

सवयीचा प्रश्न याहून अवघड आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातील कामगारांना साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरल्यामुळे गळती जाणवली होती, आणि चहा झाल्यावर ती पाहू असे ठरले. हे वाचून आज आपल्याला संताप येतो. पण लहानसहान गळत्या तेथे रोजच्या झाल्या होत्या, डोळ्यांची आग हीच गळती ओळखण्याची नेहमीची पद्धत बनली होती आणि यंत्रणेच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या. कारखान्याचा भोंगाही इतर कारणांसाठी वाजत असे, त्यामुळे वस्तीला त्याचा वेगळा अर्थ उरला नव्हता. जी सूचना रोज खोटी ठरते, ती न ऐकण्याचे शिक्षण कामगाराला आपणच देत असतो. आजही किती कारखान्यांत गॅस डिटेक्टर बिघडून दिवसभर किणकिणत असतो आणि शेवटी कोणीतरी त्याची वायर काढून ठेवतो! माझ्या मते अशा ठिकाणी कामगारांच्या प्रशिक्षणाआधी डिटेक्टर दुरुस्त झाला पाहिजे.

यावर 'चित्रांच्या पाट्या लावा' असा सल्ला दिला जातो. तो चांगला आहे, पण चित्रही आपोआप कळत नाही. किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे पिवळे चिन्ह जगभर वापरात असूनही ज्यांना ते कोणी शिकवले नाही त्यांना त्यातून धोका जाणवत नाही, हे लक्षात आल्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ मध्ये कवटी आणि पळणारा माणूस असलेले एक पूरक चिन्ह आणले, आणि त्यापूर्वी भारतासह ११ देशांतील सुमारे १,६५० लोकांना दाखवून त्यांना काय समजते ते तपासले. एका चिन्हासाठी एवढी तपासणी होत असेल, तर आपल्या शेडमधली पाटी तिथल्या पाच कामगारांना दाखवून 'हे काय सांगते?' असे विचारण्यात कोणते अवघड काम आहे?

शिकवण्याची माझी रीत साधी आहे. 'समजले का?' हा प्रश्न मी विचारतच नाही. 'ही झडप आधी उघडली तर काय होईल?', 'भोंगा वाजला तर तू कोणत्या दाराने जाशील, चालून दाखव', असे विचारतो. गट पाचसहा जणांचा, जागा यंत्रापाशी, भाषा त्यांची. मला ओडिया येत नाही, म्हणून त्यांच्यातलाच एखादा जुना कामगार शिकवतो आणि मी ऐकतो. त्याला त्या तासाचे पैसे मिळाले पाहिजेत, असा आग्रह मी मालकाकडे धरतो. काही मालक कुरकुरतात. जे देतात, त्यांच्याकडे पुढे 'हे जरा सैल वाटते' असे स्वतःहून सांगायला येणारे कामगार वाढलेले दिसतात.

सूचना पाळली जाणे मात्र बरेचसे फोरमनवर अवलंबून असते. मोटार उद्योगातील अनेक कारखान्यांत अँडनची दोरी असते; दोष दिसला की कामगार ती ओढतो आणि गरज पडल्यास लाइन थांबते. बोल्ट वाकडा बसला म्हणून लाइन थांबवण्याचा अधिकार आपण कामगाराला देऊ शकतो, तर यंत्रावरचे संरक्षक झाकण (गार्ड) निघाले आहे म्हणून प्रेस थांबवण्याचा का देऊ शकत नाही? नव्या कामगाराने शंका येऊन पहिल्यांदा यंत्र थांबवले आणि शंका निराधार निघाली, तेव्हा फोरमन त्याच्याशी कसा बोलतो हे सगळा शॉप ऐकत असतो. तेथे शिवी मिळाली तर वर्षभराची व्याख्याने वाया जातात.

लहान उद्योगांची परिस्थिती मला सर्वांत काळजीची वाटते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी कामगारांची मर्यादा १० वरून २० झाली आहे. माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवण्याची मालकाची जबाबदारी आणि तातडीचा धोका निदर्शनास आणण्याचा कामगाराचा हक्क संहितेतही आहे. परंतु पंधरा माणसांच्या शेडमध्ये तो हक्क बजावायला ना युनियन असते, ना सुरक्षा अधिकारी. जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यातील उरवडे येथे पाणी शुद्धीकरणाची रसायने बनवणाऱ्या कारखान्याच्या आगीत पंधराहून अधिक कामगारांचा जीव गेला आणि त्यांत बहुतांश महिला होत्या. आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग प्रत्येक कामगाराला ठाऊक असावा आणि त्याचा सराव झालेला असावा, ही अट कारखाने कायद्याच्या कलम ३८ मध्ये फार पूर्वीपासून होती. मी पाहिलेल्या बहुतेक मॉक ड्रिल आधी जाहीर करून, दिवसपाळीत, कायम कामगारांना मैदानात उभे करून उरकल्या जातात. पॅकिंगमधल्या बायका, हमाल आणि रात्रपाळी त्यांत नसते.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे की निरीक्षकांनी नोंदवही मागण्याआधी रात्रपाळीतील ठेकेदाराच्या कोणत्याही एका कामगाराला त्याच्या यंत्रापाशी नेऊन, गरज पडल्यास दुभाषा घेऊन, त्याच्या कामातला सर्वांत मोठा धोका कोणता आणि तो दिसल्यास तो काय करील, एवढेच विचारावे व त्याचे उत्तर अहवालात जसेच्या तसे लिहावे. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी जे मालक फलक आणि शपथेवर खर्च करतात, त्यांनी त्या दिवशी प्रेस शॉपमध्ये चिमटे आणि सेफ्टी ब्लॉक पुरेसे आहेत का ते मोजून घ्यावे. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती ही की यापुढे अपघाताची बातमी देताना मृत किंवा जखमी कामगार त्या कामावर किती दिवसांपूर्वी आला होता, त्याला कोणी, कोणत्या भाषेत शिकवले होते, आणि यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याला होता का, हे तीन प्रश्न बातमीदाराने व्यवस्थापनाला विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर मिळाले नाही असे छापावे.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी,
भोसरी, पुणे